घरचीं हत्यारें आणि बाहेरचा बाजार



सातारा, कऱ्हाड, सांगली, मिरज या बाजूच्या पुष्कळ घरांतून आज एक तरी मुलगा किंवा मुलगी संगणकाच्या धंद्यांत आहे. कोणी पुण्यास, कोणी बंगळूरास किंवा हैदराबादेस, तर कोणी समुद्र ओलांडून अमेरिकेंत. आईबापांस कंपनीचें नांव ठाऊक असतें, पगाराचा अंदाज असतो. परंतु मुलगा तेथें दिवसभर करतो काय असें विचारलें, तर "कॉम्प्युटरवर काम करतो" यापलीकडे उत्तर बहुधा मिळत नाहीं. हें अज्ञान एरवीं निरुपद्रवी आहे. पण मुलानें घरीं येऊन, "बाबा, सहा वर्षें ज्या साधनांवर मीं काम केलें तीं बाहेर कोठेंच नाहींत, ही नोकरी सुटली तर मला काय येतें म्हणून सांगूं?" असा प्रश्न केला, म्हणजे तेंच अज्ञान जड जातें. माझ्या जुन्या विद्यार्थ्यांपैकीं एकाहून अधिकांनीं हा प्रश्न मजपाशीं काढला आहे. मी शाळामास्तर, संगणकशास्त्राचा पंडित नव्हे. तथापि प्रश्न मोलाचा आहे, आणि तो केवळ संगणकवाल्यांचा नसून सर्व कारागिरांचा आहे, असें विचाराअंतीं मला दिसून आलें. तोच आज आपल्यापुढें मांडावयाचा आहे.

संगणकाकडून काम करून घ्यावयाचें तर त्यास लेखी आज्ञा द्याव्या लागतात. या आज्ञांच्या मालिकेस आपण आज्ञावली म्हणूं. धंद्यांतील लोक तिला 'कोड' किंवा 'सॉफ्टवेअर' म्हणतात. आज्ञावली लिहिणारा हाहि एक कारागीरच होय, आणि कारागीर म्हटला कीं हत्यारें आलीं. सुताराला करवत, रंधा, पटाशी लागते. तद्वत् या कारागिरास लिहिलेलें जपून ठेवण्यासाठीं एक साधन लागतें, अनेकांनीं लिहिलेले तुकडे जुळविण्यासाठीं दुसरें, जुळविलेलें तपासण्यासाठीं तिसरें आणि तपासलेलें प्रत्यक्ष चालविण्यासाठीं चौथें. लहान कंपनी हीं साधनें बाजारांतून घेते; त्यांतील पुष्कळशीं तर फुकटच मिळतात. परंतु गूगल, फेसबुक, ॲमेझॉन यांसारख्या अवाढव्य कंपन्या आपलीं बरींचशीं हत्यारें आपल्याच भट्टींत घडवितात. कंपनीच्या दाराबाहेर तीं दिसत नाहींत, त्यांचीं पुस्तकें दुकानांत मिळत नाहींत, आणि महाविद्यालयांत तीं कोणी शिकवीत नाहीं.

बाजारांत माल तयार असतां स्वतः घडविण्याचा हा उपद्व्याप कशासाठीं, अशी शंका येणें स्वाभाविक आहे. तिचें उत्तर आपल्याच भागांत सांपडतें. १९१० सालीं लक्ष्मणराव किर्लोस्कर यांना बेळगांवची जागा सोडावी लागली, आणि औंधचे अधिपति बाळासाहेब पंतप्रतिनिधि यांनीं त्यांस कुंडल रोड स्टेशनाजवळचा निवडुंगानें भरलेला माळ दिला. औंध आज सातारा जिल्ह्यांत आहे आणि त्या माळावर उभी राहिलेली किर्लोस्करवाडी सांगली जिल्ह्यांत. शेतकऱ्यांसाठीं लोखंडी नांगर व कडबा कापण्याचीं यंत्रें करणें हा तेथील धंदा. पण त्या माळावर नुसता कारखाना काढून भागण्यासारखें नव्हतें. कामगारांचीं घरें, पाणी, दिवाबत्ती, मुलांचें शिक्षण हें सर्व कारखानदारालाच पाहावें लागलें. पुढें १९१४ चें महायुद्ध पेटलें आणि परदेशाहून येणारें कच्चें लोखंड दुर्मिळ झालें, तेव्हां कोल्हापूर दरबाराकडून किल्ल्यांवरील जुन्या तोफा मिळवून त्या वितळविण्यांत आल्या व त्यांचे नांगर झाले. शंभूराव जांभेकरांसारखे गृहस्थ महाविद्यालयाचा अभ्यास पुरा न करतां ओतकाम, हिशेब आणि व्यवस्था या सर्वच बाबी अंगावर घेत. यांपैकीं कोणतीहि गोष्ट हौसेखातर झाली नाहीं. बाजारांत मिळत नव्हतें, किंवा मिळत होतें तें पुरत नव्हतें, म्हणून घरीं करावें लागलें.

मोठ्या संगणक कंपन्यांची गोष्ट नेमकी हीच आहे. फरक इतकाच कीं त्यांचा माळ निवडुंगाचा नसून आंकड्यांचा होता. गूगल ही कंपनी १९९८ सालीं स्थापन झाली. तिच्या सर्व कारागिरांनीं लिहिलेली आज्ञावली एकाच सामाईक भांडारांत ठेवावी असें तिनें आरंभापासून ठरविलें. कोणी काय बदल केला, केव्हां केला, पूर्वीं तेथें काय होतें, याची नोंद अशा भांडारांत राहते. वाण्याच्या रोजकीर्दीसारखें तें असतें. दहा वर्षांहून अधिक काळ कंपनीनें यासाठीं बाजारांतलें विकत घेतलेलें साधन वापरलें. पण भांडार फुगत गेलें. जानेवारी १९१५ नव्हे, २०१५ चा हिशेब कंपनीच्याच इंजिनियरांनीं पुढच्या वर्षीं प्रसिद्ध केला आहे: आज्ञावलीच्या सुमारें २०० कोटी ओळी, ९० लाख मूळ फायली, आणि त्यांवर काम करणारे सुमारें २५,००० कारागीर. कामाच्या एका साध्या दिवशीं माणसांनीं केलेले सुमारें १६,००० बदल त्यांत जमा होत आणि आपोआप चालणाऱ्या यंत्रणांनीं केलेले आणखी २४,०००. एवढा भार पेलणारी कीर्दवही बाजारांत कोणापाशींहि नव्हती. तेव्हां कंपनीनें 'पायपर' नांवाची आपली स्वतःची वही तयार केली. विकतचें हत्यार तोकडें पडलें म्हणूनच घरचें हत्यार जन्मास आलें.

आतां अशा ठिकाणीं कामास लागलेल्या मुलाचा दिवस कसा जातो तें पाहूं. समजा, नकाशा दाखविणाऱ्या एखाद्या सोयींत त्याला लहानशी सुधारणा करावयाची आहे. प्रथम तो सामाईक भांडारांतून लागतील त्या फायली आपल्यापुढें मांडतो व बदल लिहितो. लिहून झालें कीं काम संपलें असें नाहीं. तो मसुदा दुसऱ्या एका सहकाऱ्यापुढें जातो, आणि त्यानें ओळन् ओळ वाचून संमति दिल्यावांचून तो भांडारांत शिरत नाहीं. शाळेंत एका मास्तरानें तपासलेल्या उत्तरपत्रिका दुसऱ्यानें पाहाव्या, त्यांतलाच हा प्रकार. त्यानंतर जुळणीचें यंत्र येतें. एका तुकड्यावर दुसरे हजारों तुकडे अवलंबून असतात. एक बदलला कीं कोणकोणते पुन्हां जुळवावे लागतील हें तें यंत्र हिशेब करून ठरवितें आणि तेवढेच जुळवितें. गूगलमधील या यंत्राचें नांव 'ब्लेझ'. पुढें चाचण्या होतात, त्याहि आपोआप.

चाचण्यांतून पार पडलेली आज्ञावली आतां प्रत्यक्ष चालवावयाची. आपल्या घरीं संगणक एक असतो. तेथें ते हजारों असतात. कोणतें काम कोणत्या संगणकावर टाकावें, एखादा बंद पडला तर त्याचें काम दुसऱ्याकडे कसें द्यावें, हें माणसानें ठरवूं म्हटलें तर दिवस पुरणार नाहीं. त्यासाठीं गूगलनें 'बोर्ग' नांवाचा जणूं एक मुकादमच निर्माण केला आहे. २०१५ सालीं त्याचें वर्णन प्रसिद्ध झालें. त्यावरून दिसतें कीं या मुकादमाच्या एका मध्यम आकाराच्या तुकडींत सुमारें १०,००० संगणक असत. नवी आज्ञावली सर्व संगणकांवर एकदम सोडीत नाहींत. शितावरून भाताची परीक्षा करावी तशी ती आधीं थोड्यांवर चालवून पाहतात, आणि कांहीं बिघडलेंसें दिसतांच जुनी परत आणतात. बिघडलें हें कळावें कसें? त्याकरितां प्रत्येक संगणकाची नाडी सतत पाहणारें आणखी एक यंत्र असतें. वही, जुळणारी, मुकादम आणि वैद्य, असा हा सारा परिवार आहे. आणि तो सर्वच्या सर्व घरचा आहे.

या परिवाराचें सुख मोठें आहे. पंचवीस हजार माणसें एका वहींत लिहीत असूनहि गोंधळ होत नाहीं. आणि साधन अडलें तर तें घडविणारा कारागीर त्याच इमारतींत बसलेला असतो, त्याला जाऊन विचारतां येतें. परंतु या सुखाचें मोल द्यावें लागतें, आणि तें मुख्यतः नव्यानें येणाऱ्या तरुणास द्यावें लागतें.

पहिलें मोल वेळेचें. साताऱ्याची माझी एक विद्यार्थिनी अशाच एका मोठ्या कंपनींत लागली. ती मला म्हणाली, "गुरुजी, पहिले तीन महिने मला वाटे, मी चार वर्षें शिकलें तें कोणत्या गांवचें?" प्रत्येक वस्तूस तेथें निराळें नांव, आणि शिकलेल्या वस्तूंपैकीं एकहि ओळखीची नाहीं. घरोघरीं मातीच्या चुली हें खरें. पण परक्या घरच्या चुलीवर पहिली भाकरी करपतेच. असें होणें हें बुद्धिमांद्याचें लक्षण नव्हे, हें आईबापांनीं ध्यानांत ठेवावें. मुलगा पहिल्या वर्षीं खिन्न दिसला तर "तुला जमत नाहीं काय?" असें न विचारतां, "तेथील रीत निराळी दिसते," इतकें म्हटलें तरी त्यास धीर येतो.

दुसरें मोल लेखी ज्ञानाच्या अभावाचें. बाजारांतल्या साधनावर पुस्तकें असतात, ठेंच लागलेल्या हजारों लोकांनीं आपले उपाय लिहून ठेवलेले असतात. घरच्या साधनाची माहिती मात्र घरच्या कागदांत, आणि ती पुष्कळदां शिळी. खरें ज्ञान जुन्या माणसांच्या तोंडीं राहतें. तो माणूस दुसऱ्या खात्यांत गेला कीं तें ज्ञानहि उठून जातें. हल्लीं आज्ञावली लिहून देणारीं कृत्रिम बुद्धीचीं यंत्रें निघालीं आहेत. त्यांनीं जें वाचलें तें जगापुढें असलेलें, त्यामुळें घरचीं कागदपत्रें मुद्दाम पुढें ठेवल्यावांचून घरच्या हत्याराबद्दल त्यांनाहि कांहीं सांगतां येत नाहीं. शिवाय हीं हत्यारें स्थिर नसतात. जुना वाडा पाडावयास काढला आहे आणि नवा अजून बांधून झालेला नाहीं, अशा अवस्थेंत काम करण्याची पाळी या तरुणांवर वारंवार येते.

तिसरें मोल सर्वांत जड, आणि तें नोकरी सुटण्याच्या वेळीं द्यावें लागतें. येथें मला सांगलीजवळच्या हरिपुराची आठवण होते. कृष्णा-वारणेच्या संगमावरील या गांवीं हळद सांठविण्याचीं पेवें जमिनीखालीं खणलेलीं होतीं. तोंड अरुंद आणि पोट मोठें, अशा या पेवांत हळद वर्षानुवर्षें कीड न लागतां राही, तो तेथील मातीचा गुण. पेव भरावें कसें, तोंड लिंपावें कसें, उघडल्यावर आंतली कोंदलेली हवा निघून जाईपर्यंत थांबावें किती, हें सर्व ठाऊक असलेलीं माणसें त्या गांवीं होतीं. व्यवस्था उत्कृष्ट होती, स्वस्त होती. पण ती हरिपुराची होती. २००५ च्या महापुरांत पाणी पेवांत शिरलें, पुष्कळ पेवें निकामी झालीं, आणि हळद गोदामांकडे व शीतगृहांकडे वळली. पेव भरण्यांत ज्याचा हात धरणारा कोणी नव्हता, त्या माणसाला दुसऱ्या गांवीं, दुसऱ्या मातींत आपली ती विद्या काय कामाची, असें वाटलें असल्यास नवल नाहीं.

संगणकाच्या धंद्यांतहि असे पूर येतात. नोव्हेंबर २०२२ मध्यें फेसबुकची मालक कंपनी मेटा हिनें सुमारें ११,००० लोकांस, आणि जानेवारी २०२३ मध्यें गूगलची मालक कंपनी अल्फाबेट हिनें सुमारें १२,००० लोकांस कामावरून कमी करण्याचें जाहीर केलें. अमेरिकेंत एच-वन-बी परवान्यावर राहणाऱ्या परदेशी नोकरदाराची नोकरी गेली, तर दुसरी शोधण्यास त्यास जास्तींत जास्त ६० दिवसांची मुदत असते. नाहींतर बिऱ्हाड आवरावें लागतें. मुलांची शाळा, घराचें कर्ज, इकडे आईबापांचें औषधपाणी, सर्व या साठ दिवसांवर टांगलेलें. अशा वेळीं मुलाखतीस बसलेला तरुण "मला पायपर येतें, ब्लेझ येतें, बोर्ग येतें," असें सांगूं लागला, तर समोरचा गृहस्थ म्हणतो, "आमच्याकडे यांपैकीं कांहींच नाहीं." आरंभीं सांगितलेला प्रश्न येथें आपल्या खऱ्या स्वरूपांत उभा राहतो. सहा वर्षांची विद्या दारांतच राहिली काय?

माझें उत्तर असें आहे कीं, हत्यार दारांत राहिलें. विद्या राहिली कीं बरोबर आली, हें त्या तरुणानें सहा वर्षें काय पाहिलें यावर अवलंबून आहे. हें नुसतें समाधान करण्यासाठीं मी म्हणत नाहीं. त्यास पुरावा आहे.

गूगलमध्यें संगणकांची नाडी पाहणारें जें घरचें यंत्र होतें, त्याचें नांव 'बोर्गमॉन'. तेथून बाहेर पडलेले कांहीं इंजिनियर बर्लिन येथील साउंडक्लाउड नांवाच्या कंपनींत कामास लागले. तेथें त्यांस आपलें जुनें यंत्र दिसेना, आणि त्यावांचून तर हात मोडल्यासारखें झालें. जुन्या कंपनीच्या आज्ञावलीची एकहि ओळ त्यांच्यापाशीं नव्हती, आणि असूंहि नये; ती परक्याची मालमत्ता. परंतु तें यंत्र कोणत्या अडचणींतून जन्मलें, तें काय मोजतें, कसें मोजतें आणि तसेंच कां मोजतें, हें त्यांच्या डोक्यांत पक्कें होतें. २०१२ सालीं त्यांनीं त्याच तत्त्वावर नवें यंत्र बांधावयास घेतलें. त्याचें नांव 'प्रोमिथियस'. तें जगास मोफत खुलें करण्यांत आलें, आणि आज असंख्य कंपन्या तें वापरतात. हत्यार मागें राहिलें, विद्या बरोबर गेली, आणि विद्येनें दुसरें हत्यार घडविलें!

याहून विलक्षण उदाहरण 'हडूप'चें आहे. प्रचंड माहिती हजारों संगणकांवर वांटून कशी ठेवावी व तिचा हिशेब कसा करावा, याविषयीं गूगलच्या इंजिनियरांनीं २००३ व २००४ सालीं दोन निबंध प्रसिद्ध केले. यंत्र दिलें नाहीं. फक्त त्यामागील विचार सांगितला. तो वाचून बाहेरच्या माणसांनीं आपलें स्वतंत्र यंत्र उभारलें, आणि आपल्या मुलाच्या खेळण्यांतल्या हत्तीचें नांव त्याला दिलें. ज्यांनीं मूळ हत्यार डोळ्यांनीं पाहिलेंहि नव्हतें, त्यांना तत्त्व कळतांच तें घडवितां आलें. मग जो सहा वर्षें त्या हत्याराशीं झोंबला, त्याच्यापाशीं कांहींच नाहीं असें कसें म्हणावें?

पुढें तर कंपन्या आपण होऊनच दार किलकिलें करूं लागल्या. बोर्गच्या अनुभवावरून गूगलनें २०१४ सालीं 'कुबरनेटिस' हा नवा मुकादम जगापुढें ठेवला. या ग्रीक शब्दाचा अर्थ सुकाणू धरणारा असा आहे. २०१५ सालीं ब्लेझचा बराच भाग 'बेझल' या नांवानें खुला झाला. इंग्रजींत पाहिलें तर अक्षरें तींच, नुसतीं मागेंपुढें केलेलीं. फेसबुकनें घरगुती गरजेसाठीं केलेलीं कित्येक साधनें अशींच बाहेर आलीं. ॲमेझॉननें तर २००६ पासून आपल्या संगणकांची शक्ति व सांठवण भाड्यानें देण्याचा स्वतंत्र धंदाच मांडला.

हें आपणांस नवें वाटूं नये. किर्लोस्करवाडींत १९२० सालीं 'किर्लोस्कर खबर' नांवाचें कारखान्याच्या बातम्या देणारें पत्रक निघालें. घरच्या गरजेपोटीं निघालेलें तें पत्रक शंकरराव किर्लोस्करांच्या संपादनाखालीं वाढत वाढत 'किर्लोस्कर' मासिक झालें आणि महाराष्ट्रभर घरोघरीं वाचलें जाऊं लागलें. १९४१ सालीं हरिहर येथें किर्लोस्करांनीं काढलेला कारखाना तर यंत्रें घडविणारीं यंत्रें इतरांस विकूं लागला. घरचें हत्यार चांगलें उतरलें कीं आज ना उद्यां तें उंबरठा ओलांडतें.

गाण्याचें उदाहरण याहून बोलकें आहे. मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांच्यापाशीं विष्णु दिगंबर पलुस्कर शिकले. त्या काळीं गायन ही घराण्याची विद्या. चीज बाहेर जाऊं नये म्हणून जपणूक असे, आणि शिष्यानें वर्षानुवर्षें गुरूची सेवा करून ती कानानें उचलावी. पलुस्करांनीं १९०१ सालीं लाहोर येथें गांधर्व महाविद्यालय काढलें, स्वरलेखनाची पद्धति बसविली, पुस्तकें छापलीं आणि ती विद्या सामान्य घरांतील मुलामुलींपुढें ठेवली. त्यानें घराण्यांची थोरवी कमी झाली नाहीं. पण घराण्यांत काय शिकलों याचा ज्यानें विचार केला होता, त्यालाच तें लिहून काढतां आलें. नुसती पाठ केलेली चीज ज्याच्यापाशीं होती, त्याला ती म्हणूनच दाखवितां आली. दुसऱ्यास समजावून देतां आली नाहीं.

तेव्हां घरच्या हत्यारांवर काम करणाऱ्या तरुणानें करावें काय? माझ्या अल्पमतीप्रमाणें त्यानें प्रत्येक हत्याराला तीन प्रश्न विचारावे. हें कोणत्या अडचणींतून जन्मलें? हें नसतें तर काम कसें करावें लागलें असतें? आणि याच अडचणीवर बाहेरच्या जगानें कोणता उपाय काढला आहे? तिसऱ्या प्रश्नासाठीं महिन्यांतले दोन रविवार खर्चून बाहेरचें साधन स्वतःच्या संगणकावर चालवून पाहावें. कंपनीची आज्ञावली किंवा गुप्त कागद घरीं आणूं नयेत. तें बेकायदेशीर आहे आणि अप्रामाणिकपणाचेंहि आहे. पण स्वतःची समजूत ही कोणाची मालमत्ता नव्हे. ती आपल्या शब्दांत लिहून ठेवावी. "मला बोर्ग येतें," असें म्हणण्याऐवजीं, "दहा हजार संगणकांपैकीं कांहीं रोज बंद पडणारच, असें धरून काम कसें वांटावें, हें मला समजतें," असें ज्याला म्हणतां येईल, त्याला साठ दिवसांचें भय कमी वाटेल. हें ज्ञान प्रत्येक दारांत चालतें.

जे अजून शिकत आहेत त्यांनाहि यांतून बोध घेण्यासारखा आहे. सांगलीचें वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय १९४७ पासून आणि कऱ्हाडचें सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालय १९६० पासून चालत आलें आहे. तेथें शिकविले जाणारे मूळ विषय, म्हणजे संगणकाची अंतर्रचना, माहितीची मांडणी, संगणकांचें परस्पर दळणवळण, हे मुलांस कोरडे वाटतात, आणि बाजारांत चलती असलेल्या साधनाचा तीन महिन्यांचा वर्ग गोड वाटतो. वर्गास जाऊं नये असें मी म्हणत नाहीं. पोटासाठीं तेंहि हवें. परंतु साधनें बदलतात आणि मोठ्या कंपनींत तर तीं दारांतच बदलतात. कोरडे वाटणारे विषय मात्र ब्लेझच्याहि मुळाशीं आहेत आणि उद्यां जें निघेल त्याच्याहि मुळाशीं असणार. आडांत असेल तरच पोहऱ्यांत येईल.

पालकांस शेवटीं एकच विनंति. सुटींत मुलगा किंवा मुलगी घरीं आली, म्हणजे पगार किती वाढला हें विचाराच. तो आपला अधिकार आहे. पण त्याच्या जोडीला, "तुमच्या त्या हत्याराचा उपयोग काय, तें मला समजेल असें सांग बघूं," असेंहि एकदां विचारा. तुम्हांस समजलें तर त्याला तें खरोखर समजलें आहे असें खुशाल धरून चाला. न समजलें, तर दोष बहुधा तुमचा नसेल; त्याच्याच समजुतींत कोठें तरी गांठ राहिलेली असेल, आणि ती सोडविण्यास सुटीचे चार दिवस पुरेसे आहेत. हत्यार मालकाचें असतें. तें कां घडविलें हें कळणें, एवढीच कारागिराची मिळकत. आणि ती कोणत्याहि दारावर काढून घेतां येत नाहीं.